टायर फुटला नाही, रिंग उडाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानात झालेल्या मृत्यूची बातमी कालच्या अंकात वाचली. मथळा आहे ‘टायर फुटून कामगाराचा दुर्दैवी मृत्यू’. मी आयटीआयमध्ये २७ वर्षं मोटार मेकॅनिक शिकवलं आहे, म्हणून छायाचित्र भिंग लावून पाहिलं. त्यात टायर अख्खा आहे. शेजारी वाकडी झालेली लोखंडी कडी पडली आहे, ती लॉक रिंग. टायर फुटला म्हटलं की वाचणारा नशिबाला दोष देतो आणि पान उलटतो. रिंग उडाली असं छापलं असतंत, तर कुणीतरी विचारलं असतं की हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो लोखंडी पिंजरा कुठे होता.

जुन्या ट्रकची किंवा टिपरची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते लोखंडी चाक, अखंड नसते. टायर चढवला की एका बाजूने कडं बसवतात आणि ते निसटू नये म्हणून खाचेत लॉक रिंग अडकवतात. मग आत १००-११० पौंड हवा. हे पौंड दर चौरस इंचाला असतात. एका चौरस फुटाचा हिशेब मांडला तर साडेसहा-सात टन जोर होतो. खाच गंजलेली असली, रिंग दुसऱ्याच डिस्कची असली, किंवा रिंग नीट बसली नाही म्हणून हवा भरता भरता तिच्यावर हातोडा मारला, की तो जोर समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. २००६ साल. परीक्षा होऊन चार महिने झाले होते, टायरच्या दुकानात लागला होता. टिपरचं चाक होतं, रिंग एका बाजूने वर आली होती. मालक म्हणाला, ठोक. त्याने ठोकली. डावा डोळा गेला, जबड्यात धातूची पट्टी घालावी लागली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने पाटीवर लिहून दाखवलं, ‘सर, तुम्ही सांगितलं होतं.’ हो, सांगितलं होतं. फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. पण पिंजऱ्यात चाक ठेवून हवा कशी भरतात हे त्याला एकदाही दाखवलं नव्हतं, कारण संस्थेत पिंजराच नव्हता. माझं मागणीपत्र तीन वर्षं फायलीत पडून होतं. त्या अपघातानंतर वेल्डिंगच्या मुलांना घेऊन आम्ही भंगारातल्या जाड पाइपांचा पिंजरा स्वतः बनवला. दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी आधी का काढले नाहीत, हे मला अजून सलतं.

तुमच्या बातमीत पोलिसांचा हवाला देऊन ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं आहे. या शब्दाचा मला संताप आला. पिंजरा, क्लिप लावून दूर उभं राहता येईल एवढी लांब नळी आणि हातात हवेचं मीटर, यातलं काहीच दुकानात नसताना त्या माणसाने काळजी कशाने घ्यायची होती? अमेरिकेत अशा डिस्कसाठी पिंजऱ्याची सक्ती १९८० पासून आहे. आपल्याकडे विजेवर चालणाऱ्या जागेत २० माणसं कामाला असली तरच ती कारखाना ठरते. पंक्चरच्या दुकानात दोघे-तिघे असतात, तिथे निरीक्षक येणार कशाला? ट्रकमालकांनाही माझी विनंती आहे. पिंजरा नाही तिथे चाक देऊ नका. आणि चाक खोलायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायला लावा, जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची. पाच-दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ ड्रायव्हरला द्या.

आता बातमीतली शेवटची ओळ. ‘शेजारी उभा असलेला १३ वर्षांचा मदतनीस किरकोळ जखमी झाला.’ एवढंच लिहून बातमी संपते. संपादक महोदय, १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवायला २०१६ पासून कायद्याने सर्वत्र बंदी आहे. आपलं घरचं दुकान असेल तर शाळा सांभाळून हात लावायची तेवढी सूट, तीही धोक्याच्या कामाला नाही. तुमच्या वार्ताहराने वय विचारलं, लिहून घेतलं, तुम्ही छापलंत, आणि कुणाच्याच नजरेला ते खटकलं नाही? तो मुलगा कुणाचा, शाळेत जातो का, मालकावर त्याबद्दल गुन्हा नोंदवला का, हे कृपया तुमच्या माणसाला पुन्हा पाठवून विचारा. दुकान दोन दिवसांत उघडेल, मोठा माणूस तर गेला. हवेची नळी आता त्याच मुलाच्या हातात येणार आहे.

आपला,
एक निवृत्त निदेशक, कराड