चट्टे पाहताच आहात, तर कंबर आणि तळपायही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुष्ठरुग्ण शोध मोहीम आली की आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहतात. याच फेरीत त्यांनी त्वचेच्या कर्करोगासाठी तीन जागा जास्तीच्या पाहाव्यात आणि शंका आली तर निवाडा त्वचारोगतज्ज्ञानेच करावा, एवढं मागायला हे पत्र.

पहिली जागा कंबर. लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी आवळली की कातडी काळवंडते, सोलवटते आणि क्वचित त्या जखमेत कर्करोग होतो. धोतरामुळे होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकिगत छापली. कांद्याच्या वावरात दिवसभर वाकणाऱ्या आमच्या निफाडच्या बाया कंबरेची जखम कुणाला दाखवणार? दाखवलीच तर आशाताईलाच.

दुसरी जागा भाजल्याचा जुना वण किंवा भरतच नाही अशी जखम. तिसरी तळपाय आणि नखं. सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही हा समज अर्धाच खरा. उन्हामुळे होणारे प्रकार आपल्याकडे कमी, पण मेलॅनोमा हा घातक प्रकार आपल्यात बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. माणूस तळपायाच्या काळ्या डागाला कुरूप समजतो, नखातल्या काळ्या रेघेला साकळलेलं रक्त, आणि तिथेच वेळ जातो.

माझं पंचवटीत औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक शेवटच्या थेंबापर्यंत पिळून चपटी केलेली ट्यूब काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, 'हीच द्या.' ट्यूब बहुतेक वेळा स्टेरॉइडची. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही असा नियम आहे; तो किती पाळला जातो हे आम्हा दुकानदारांना विचारू नका. खाज थांबते, लाली उतरते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. 'तीळ, मस काढून मिळतील' असे बोर्ड लावणाऱ्या पार्लरांचा धोका वेगळा. जाळलेल्या तिळाचा तुकडा पॅथॉलॉजीत जातच नाही, मग तो साधा होता की नाही हे कळणार कसं?

तज्ज्ञच का, तर त्याचा डोळा तयार झालेला असतो. डर्मोस्कोप म्हणजे दिवा असलेलं, दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग. तळपायाच्या रेषांत रंग खोबणीत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल तर संशय. हा फरक शिकावा लागतो. न शिकलेल्या हातात तेच भिंग फारसं कामाचं नाही, आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपवर तर मी मुळीच विसंबणार नाही. शेवटचा शब्द अर्थातच बायोप्सीचा. पण तुकडा घ्यायचा की नाही आणि नेमका कुठून, हे तज्ज्ञच ठरवतो. 'स्किन क्लिनिक' असा बोर्ड कुणीही लावतं. आत एम.डी. किंवा डिप्लोमा झालेला त्वचारोगतज्ज्ञ आहे का, हे विचारायला लाजू नये. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणीही पाहता येते.

सरकारी तपासणीत तिशी ओलांडलेल्यांचा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पाहतात. त्वचेचं नाव त्यात नाही. सुरगाणा, पेठच्या माणसाने एका डागासाठी मजुरी बुडवून नाशिक गाठावं ही अपेक्षाच चुकीची. आशाताईने फोटो काढावा, आरोग्य केंद्रातून तो ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा आणि तज्ज्ञाने ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात बसून संशयित तेवढे तपासावेत. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी पुढच्या फेरीआधी आशाताईंना याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यावं, आणि त्या दिवसाचे पैसेही.

— एक औषधविक्रेता, पंचवटी, नाशिक