यंदा गणपतीला येणं होत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा गौरी-गणपतीला येत नाहीये. ऑगस्टमध्ये लंडनच्या माइंड स्पोर्ट्स ऑलिंपियाडला, म्हणजे बैठ्या, डोक्याच्या खेळांच्या स्पर्धेला, नाव दिलंय, सगळी रजा त्यातच जाईल. रागवायच्या आधी पुढचं वाचा.

बाबा, 'एक ना धड भाराभर चिंध्या' असंच म्हणाल. पण तिथलं पेंटामाइंडचं अजिंक्यपद पाच वेगवेगळ्या खेळांतल्या गुणांवर ठरतं. मूळ हिशोब असा, की पहिल्याला १००, शेवटच्याला ०, मधल्यांना क्रमाप्रमाणे. ४१ जणांत पाचवी आले तर ९०, ११ जणांत पाचवी तर ६०च. डीपमाइंड ही एआय कंपनी काढणाऱ्या डेमिस हसाबिस यांनी ते पाचदा जिंकलं, १९९८ ते २००१ सलग आणि मग २००३. तेही मुळात बुद्धिबळातलेच. म्हणजे तुम्ही शिकवलेलं वाया जात नाही.

आडवं मात्र येतं. ऑथेलोत समोरच्याच्या सोंगट्या घेरायच्या आणि उलटवून आपल्या रंगाच्या करायच्या. पण सुरुवातीलाच भराभर उलटवल्या की समोरच्याला खेळ्या वाढतात आणि आपल्या संपतात. मग नाइलाजाने कोपऱ्याला तिरकं लागून असलेल्या घरात खेळावं लागतं आणि कोपरा हातचा जातो. तिथली सोंगटी पुन्हा उलटत नाही. शंभर घरांच्या ड्राफ्ट्समध्ये मारणं सक्तीचं, तेही जास्तीत जास्त सोंगट्या मिळतील त्याच वाटेने. समोरचा एक देतो आणि तीन नेतो. बॅकगॅमन या फाशांच्या खेळात कुणी डाव दुप्पट केला, म्हणजे पणाला लागलेले गुण दुप्पट केले, की बुद्धिबळवाले घाबरून सोडून देतात. सोडला तर एक गुण जातोच. जिंकायची आशा २५ टक्के असताना घेतला तर चारात तीनदा दोन जातात, एकदा दोन येतात, सरासरी तेवढीच. म्हणून २५ टक्क्यांच्या वर आशा असेल तर घ्यायचाच. हे पत्त्यांच्या अड्ड्यावर सांगू नका हं, बाबा.

आई, खोलीत कुकर आहे, मेतकूट आहे. दोन डावांच्या मध्ये खायला चिवडा नेईन. उपाशी राहून खेळलं की दुपारनंतर घड्याळ आपल्याला खातं, म्हणून तरी जेवेन. बाबा मुद्दाम घोडा मारायला ठेवायचे ते मला कळायचं, हेही आज सांगूनच टाकते.

आता ऐका. मखर काढायला बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, नानांच्या वेळचं पुन्हा नको. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन 'गणपती होऊन जाऊ दे' म्हणून पुढे ढकलू नका. मोदक यंदा २१च, आई, एकावन्न नाहीत. बीपीच्या गोळीचा फोटो रोज सकाळी पाठवायचा, रिकाम्या पाकिटाचा चालणार नाही.

दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय.

तुमची,
ठमी