देवावर भार टाकणे म्हणजे हात झटकणे नव्हे

संपादक महोदय,

‘देवावर भार टाका’ हे वाक्य ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इतक्या सहज उच्चारले जाते, की म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारणाऱ्याकडेच अविश्वासू म्हणून पाहिले जाते. बहुतेक वेळा ते दोन भलत्या प्रसंगी कानावर पडते. एक, निर्णय पुढे ढकलायचा असतो तेव्हा. दुसरा, समोरच्याचे रडणे थांबवायचे असते तेव्हा. पवित्र शास्त्रात दोन्हींना आधार नाही.

बायबलच्या नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 27 पाहा. येशूचा प्रेषित पौल कैदी असताना त्याला रोमकडे नेणारे गलबत वादळात सापडले आहे, त्यावर 276 माणसे आहेत. रात्री देवदूत पौलाला सांगतो, की गलबत वाचणार नाही, पण एकाचाही जीव जाणार नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ एवढाच विश्वासाचा अर्थ असता, तर अध्याय इथेच संपला असता. पण चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात. आधी 20 वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे माप), थोड्या अंतराने 15. किनारा जवळ आला आहे आणि खडकांची भीती आहे, म्हणून मागच्या बाजूने 4 नांगर सोडतात. मग काही खलाशी होडी उतरवून पळू पाहतात. तेव्हा पौल शताधिपतीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या रोमी अधिकाऱ्याला, बजावतो, की हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. ज्याला अभिवचन मिळाले आहे, तोच हे सांगतो! पुढे तो सगळ्यांना चार घास खायला लावतो, मग उरलेला गहू समुद्रात टाकून गलबत हलके केले जाते, आणि शेवटी पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागतात. अभिवचन पूर्ण झाले ते नांगर, दोर आणि फळ्या यांच्यातूनच.

मरणाच्या दारी टेकलेल्या हिज्कीया या यहूदाच्या राजाचेही तसेच (जुन्या करारातले 2 राजे, अध्याय 20). आयुष्यात 15 वर्षांची भर पडेल, तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, असा देवाचा निरोप यशया संदेष्टा आणतो आणि लगेच गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. ‘विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला?’ असे रुग्णाला विचारणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. औषध बंद करून देव काय करतो ते पाहणे हा विश्वास नव्हे, देवाची परीक्षा घेणे आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे येशूला सुचवताना सैतानाने स्तोत्र 91 मधलेच, देवदूत तुला सांभाळतील, हे वचन पुढे केले होते. वचन खरे होते, तरी येशूने उडी मारली नाही.

‘उद्याची चिंता करू नका’ हे वचनही असेच अर्धवट वापरले जाते. इथे रानातला मान्ना, म्हणजे इस्राएली लोकांना देवाने रोज पुरवलेले अन्न, आठवावा. माणशी रोज एक ओमर, हे त्या काळचे माप, आजच्या अंदाजाने सुमारे दोन लिटर. जास्तीचा उरवून ठेवला की सकाळी त्यात किडे पडत. पण सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी दोन ओमर गोळा करण्याची आज्ञाच होती आणि तो नासत नसे. म्हणजे तरतूद वर्ज्य नाही. भीतीपोटी केलेला साठा वर्ज्य आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचे उदाहरण येशूनेच दिले आहे.

आता रडण्याबद्दल. स्तोत्र 13 अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. संकटात प्रार्थना सुचत नसेल तर हाच क्रम धरावा: आधी तक्रार, तीही मोघम नको, कोणती गोष्ट असह्य झाली आहे ते स्पष्ट सांगावे. मग एकच नेमके मागणे. भरवशाचे शब्द त्यानंतर. घाई झाली की माणसे थेट पाचव्या ओवीवर उडी घेतात, तोंडाने स्तुती करतात आणि आतली तक्रार तशीच कुजत राहते. आणि एखाद्या दिवशी भरवशाच्या ओव्या ओठांवर आल्याच नाहीत, तर तेही अपयश मानू नये. स्तोत्र 88 अंधारातच संपते आणि तरीही ते शास्त्रात आहे.

सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी, मुले आणि संपत्ती गमावून बसलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांचे उदाहरण पुरेसे आहे. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. तोवर सगळे ठीक होते. बिघडले ते त्यांनी देवाच्या वतीने स्पष्टीकरणे द्यायला सुरुवात केल्यावर, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या स्पष्टीकरणांवर, ईयोबाच्या आक्रोशावर नाही. शोकसभेत वचन वाचणाऱ्या पाळकांना आणि वडीलजनांना एवढीच विनंती: स्तोत्र 13 वाचणार असाल, तर पहिल्या ओवीपासून वाचा.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक