तिथीची पाऊणपट

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रात्री बारा-बारा वाजेपर्यंत काय लिहीत बसतेस?" मी मीटिंगमध्ये होते, म्हणून टाळलं. कामात जे जे चुकलं आणि त्यातून जे कळलं, ते मराठीत लिहून काढतेय. आमच्याकडे नवी मुलं येतात, कुणी मुरूडचं, कुणी श्रीवर्धनचं. सुरुवातीला कळलं नाही तरी मान डोलावतात. मीही डोलवायचे. त्यांच्या हातात काहीतरी द्यायचंय.

पहिलंच टिपण तुमच्यावर आलंय. अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याकडे तोंड करून मला उभं करायचात. "आज तिथी?" "पंचमी." "पाचाची पाऊणपट?" "पावणेचार." म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, सकाळी पावणेदहाला ओहोटी, तेव्हा किल्ल्यावर चालत जायचं. उत्तर आलं की मी धावत सुटायचे आणि तुम्ही वेणी धरून मागे खेचायचात, "ठोकताळा आहे तो. आधी पाणी बघ."

गेल्या वर्षी मी पाणी बघायला विसरले. पहाटे घरोघरी दूध-भाजी पोचवणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी रोजच्या विक्रीचा हिशोब काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. माझ्या लॅपटॉपवर चोख चालला. पण लॅपटॉपचं घड्याळ भारताचं आणि सर्व्हरचं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक नोंद कालच्या खात्यात! आणि यांचा निम्मा धंदा त्याच वेळचा. रोजची बेरीज थोडी इकडची तिकडे होत राहिली, कुणाला काही वाटलं नाही. एक तारखेची पहाट मागच्या महिन्यात जाऊन बसली, तेव्हा त्यांच्या अकाउंटंटने पकडलं. टेस्टिंग मी केलं होतं, नाही असं नाही. पण सगळं दुपारी, जेवून आल्यावर.

दुरुस्ती चार ओळींची. वेळ यूटीसीतच साठवायची, दिवस मात्र भारतातल्या मध्यरात्रीला तोडायचा. शोधायला तीन दिवस गेले. टिपणात ते तीन दिवसच जास्त आहेत, कुठे कुठे उगाच खणत बसले त्यासकट.

आई, तू म्हणशील, स्वतःच्या चुका चव्हाट्यावर कशाला मांडायच्या? अगं, कंपनीचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, त्यांचा कोड, यातलं काहीच नाही त्यात. चुका वगळून एकदा लिहून बघितलं. मलाच झोप आली.

पुढचं टिपण १९ जानेवारी २०३८ बद्दल आहे. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत आल्यात. त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की पुढचा आकडा त्यांच्यात मावणार नाही, तारीख उडी मारून थेट १९०१ मध्ये जाईल. पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती झालीये, पण कोपऱ्यात पडलेल्या यंत्रांचं कोण बघतंय! बाबा, तुम्ही तेव्हा ब्याऐंशीचे असाल. त्या दिवशी नाश्त्याला घरीच येईन म्हणते.

टिपणाची छापील प्रत सोबत ठेवलीये. बाबा, पाऊणपटीचा भाग नीट तपासा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, हे बरोबर लिहिलंय ना? आई, वालाच्या शेंगा आल्या की कळव, पोपटीला येते.

तुमची,
छोटी