कामाच्या ठिकाणी प्रजनन आरोग्य शिक्षण : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रियांना प्रजनन आरोग्याची शास्त्रशुद्ध माहिती कामाच्या ठिकाणीच मिळावी, यासाठी आमची आरोग्य समिती कारखाने आणि कार्यालयांमध्ये सत्रे घेते. शिक्षण संपल्यावर या विषयावर मोकळेपणाने बोलणारे माणूस बहुतेकींना भेटत नाही. पाळी, गर्भनिरोधन आणि गर्भारपण यांविषयीचे प्रश्न मात्र नेमके त्याच वयात निकडीचे होतात. हे काम वाढवण्यासाठी आम्हाला आपली मदत हवी आहे.

सत्राच्या खोलीत आम्ही एक बंद पेटी ठेवतो आणि नाव न लिहिता प्रश्न टाकायला सांगतो. चिठ्ठ्या बहुधा बारीक घड्या घातलेल्या असतात आणि त्यांत शरीराइतकेच कामाविषयीही लिहिलेले असते. कोणाची रात्रपाळी सुरू झाल्यापासून मासिक पाळी मागेपुढे होत असते, तर कोणी जागेवरून वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नसते. पाळीच्या चक्राचा काळ 21 ते 35 दिवसांचा असला तरी ते सर्वसाधारण मानले जाते, कमी पाणी पिऊन लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या स्त्रीने घेऊ नयेत, या साध्या गोष्टीही अनेकींना प्रथमच कळतात. सर्वाधिक गैरसमज तातडीच्या गर्भनिरोधक गोळीविषयी आहेत. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर घ्यायची असते. रुजलेला गर्भ तिने पडत नाही आणि नेहमीच्या गर्भनिरोधनाची जागाही ती घेऊ शकत नाही.

जिथे शिसे किंवा सेंद्रिय द्रावके (रंग, गोंद यांसारखे पदार्थ विरघळवणारी रसायने) हाताळली जातात, तिथे हे शिक्षण अधिकच गरजेचे आहे. शिसे हाडांत साठते, गर्भारपणात तिथून रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, त्यामुळे दिवस गेल्यानंतर घेतलेली काळजी पुरेशी ठरत नाही. हक्कांचा भागही आम्ही वगळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात (क्रमांक 183) किमान 14 आठवड्यांची प्रसूती रजा, स्तनपानासाठी विश्रांती आणि आई किंवा बाळाच्या आरोग्याला घातक कामापासून संरक्षण यांची तरतूद आहे. नोकरी देताना गर्भारपणाची तपासणी मागण्यासही, मोजके अपवाद सोडता, त्याने मनाई केली आहे.

आस्थापनांच्या चालक-मालकांना आमची पहिली विनंती पैशांची नाही. महिन्यातून एक तास, तोही पगारी वेळेतला, आणि दार लावता येईल अशी एक खोली द्यावी. जेवणाच्या सुट्टीत सत्र ठेवले, तर जेवण सोडून कोणी थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही योग्य नाही. सत्रात वरिष्ठांनी बसू नये. त्यांच्यासाठी, विशेषतः पुरुष पर्यवेक्षकांसाठी, आम्ही वेगळे सत्र घेऊ, कारण स्वच्छतागृहात जाण्याची मुभा आणि कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक शेवटी त्यांच्याच हाती असते.

स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक यांनी सवडीनुसार वेळ द्यावा. ऐकलेली गोष्ट बाहेर न सांगण्याची लेखी हमी आम्ही प्रत्येकाकडून घेतो आणि ती मोडणाऱ्याला पुन्हा बोलावत नाही.

देणगीची रक्कम सचित्र पुस्तिका छापण्यासाठी आणि कामगार स्त्रियांमधूनच आरोग्य सखी, म्हणजे सहकारी स्त्रियांना ही माहिती देणाऱ्या प्रशिक्षित मैत्रिणी, तयार करण्यासाठी खर्च होईल. प्रशिक्षणाच्या दिवशी या सख्यांची मजुरी बुडते; ती भरून देणे हा आमच्या मते चैनीचा खर्च नव्हे. औषधे किंवा सॅनिटरी पॅड बनवणाऱ्यांची देणगीही आम्ही घेऊ, मात्र सत्रात त्यांच्या मालाचा प्रचार होणार नाही. देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत समितीच्या खात्यात जमा करावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च कोणालाही समितीच्या कार्यालयात पाहता येईल.

आपली विश्वासू,
कार्यकारिणी, आरोग्य समिती