चौकातल्या शिल्पाबद्दल

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. चौकात खाण कामगाराचा पुतळा बसवताय, डोक्यावर हेल्मेट आणि हातात कुदळ, आणि तू कमिटीत आहेस म्हटल्यावर मला राहवेना.

मागच्या रविवारी इथून इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावाला जाऊन आलो. तिथली सटन मॅनर कोळसा खाण 1991 ला बंद पडली, आता त्या ढिगाऱ्यावर जंगल वाढलंय, आपल्या बल्लारपूरकडच्या मातीच्या ढिगाऱ्यांसारखाच चढ, चढताना दम लागतो आणि वर पोचलं की समोर एकदम 20 मीटर उंच पांढरंशुभ्र डोकं! एका मुलीचं, डोळे मिटलेले. नाव 'ड्रीम'. बार्सिलोनाच्या जाउमे प्लेन्सा या शिल्पकारानं 2009 साली केलंय. समोरून चेहरा नीट दिसतो, बाजूला गेलं की दाबून लांब केल्यासारखा, मी तीन चकरा मारल्या तरी मन भरेना.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शिल्प कसं हवं हे ठरवायला तिथे खाणीतल्या जुन्या कामगारांनाच बसवलं होतं. प्लेन्सानं आधी खाणीतल्या दिव्याची कल्पना आणली, ती याच लोकांनी नको म्हटली, त्यांना पुढे बघणारं काहीतरी हवं होतं. मग कोळशाच्या जागी मुद्दाम पांढरं, स्पेनच्या डोलोमाइट दगडाची खडी घातलेल्या काँक्रीटचं, 500 टनांचं हे काम उभं राहिलं. जन्मभर अंधारात उतरलेल्या माणसांनी स्वतःचा पुतळा मागितला नाही रे, झोपलेली पोरगी मागितली. मला तिथे अण्णाच आठवले, रात्रपाळीहून आले की आधी आमच्या अंगावरचं पांघरूण नीट करायचे, मग हातपाय धुवायचे.

खालचा चौथरा खाणीतल्या टोकनसारखा गोल आहे. लॅम्परूममध्ये टोकन दिलं की दिवा मिळायचा, आणि पाळी सुटल्यावर कुणाचं टोकन तसंच राहिलं तर तो अजून खालीच आहे हे कळायचं, आठवतं ना? अण्णांचं पितळी टोकन आईच्या ट्रंकेत आहे अजून, नंबर पार झिजलाय.

म्हणून सांगतो, टेंडर काढायच्या आधी तुझ्या काकांना आणि त्यांच्या पाळीतले जे कोणी आहेत त्यांना एकदा चहाला बोलाव. त्यांना काय बघायचंय ते विचार, घाई करू नको, पहिल्यांदा ते 'तुम्हीच ठरवा' म्हणतील, तरी बसून राहा. आणि काका काय म्हणाले ते मला त्याच रात्री कळव, कितीही वाजले तरी.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पम्या