महिला सन्मान मेळाव्यासाठी महिलांचीच फायनल बाहेर काढणाऱ्या मंत्रिसाहेबांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, मागच्या रविवारी स्टेजवर पाहिलं तेव्हा तरी छान होती. आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

कोकणातल्या महिला क्लबांच्या बास्केटबॉल चॅम्पियनशिपचा शेवटचा टप्पा, म्हणजे दोन सेमीफायनल आणि फायनल, मागच्या शनिवारी-रविवारी आमच्या तालुक्याच्या संकुलात आतल्या लाकडी कोर्टवर व्हायचा होता. रीतसर अर्ज केला होता, डिपॉझिट भरलं होतं, पावती माझ्या पर्समध्ये आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला की मॅडम हॉल मिळणार नाही, साहेबांचा कार्यक्रम लागलाय. मी विचारलं कुठला कार्यक्रम, तर म्हणे महिला सन्मान मेळावा, सोबत हळदीकुंकू आणि लकी ड्रॉमध्ये पैठण्या.

आपण परत एकदा वाचा साहेब. महिलांचा सन्मान करायला जागा कमी पडली म्हणून महिलांना बाहेर काढलं. मी तर फोनवर हसलेच आधी, मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय.

दापोली, चिपळूण, मालवण, अलिबागहून मुली एसटीने निघालेल्या, कोणी ट्रेनमध्ये बसलेल्या, त्यांना परत जा कसं सांगणार? शेवटी शाळेच्या पटांगणातल्या सिमेंटच्या कोर्टवर खेळायचं ठरलं. आता ते कोर्ट कसं आहे तेही ऐका. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर पाहिजे, म्हणजे दहा फूट, जगात कुठेही जा. आमच्या पंचांनी टेप लावली तर साडेनऊ भरली, कारण दर दोन-चार वर्षांनी खाली सिमेंटचा एक थर ओततात आणि खांब आपला आहे तिथेच. लांबी २८ मीटर पाहिजे, तर एका बाजूला पाण्याच्या टाकीचा चौथरा आडवा येतो. शॉट क्लॉकचा, म्हणजे बॉल हातात आल्यावर किती वेळात शॉट मारायचा ते दाखवणाऱ्या घड्याळाचा तर प्रश्नच नाही, ते २४ सेकंद एक मुलगी मोबाईलवर मोजत होती आणि शेवटचे पाच ओरडून सांगत होती. कपडे बदलायला सातवी ब चा वर्ग, त्याला कडी नाही, म्हणून दाराला बाक लावून बाहेर दोघी उभ्या.

दिवसा शाळेचे शनिवारचे वर्ग, आणि रविवारी दुपारी तर निम्मं गाव आपल्या मेळाव्याला नेलेलं, आमचे स्वयंसेवक धरून. त्यामुळे फायनल रविवारी रात्री. आपण कोकणात हेलिकॉप्टरने उतरता त्यामुळे कदाचित माहीत नसेल, पण थंडीच्या दिवसांत इथे रात्री आठनंतर दव पडायला लागतं ते असं की स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला तर ओला होतो. सिमेंट चकाकायला लागलं. मुली टाइमआउटला टॉवेलने कोर्ट पुसत होत्या, स्वतःला नाही, कोर्ट. मी टेबलवर स्कोअरशीट लिहायला होते. तिसरा क्वार्टर चालू, आमच्या ३६, समोरच्यांच्या ३४, आमची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी मुलगी, बॉल घेऊन फास्ट ब्रेकला सुटली, थांबून वळायला गेली आणि पाय सिमेंटवर राहिला नाही. टक्कन आवाज आला. हॅलोजनची घरघर चालू होती तरी मला टेबलवर ऐकू आला.

गुडघ्यातलं लिगामेंट गेलंय. एसीएल म्हणतात त्याला. एमआरआयला घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागलं, तिच्या काकाच्या बोलेरोत, मागच्या सीटवर पाय माझ्या मांडीवर. ऑपरेशन सांगितलंय आणि नंतर आठ-नऊ महिने खेळ बंद. पोरगी २१ वर्षांची, बीकॉमचं शेवटचं वर्ष, वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. मुलींना हे लिगामेंट तुटायचा धोका मुलग्यांपेक्षा जास्त असतो, कोण दुप्पट म्हणतं कोण आठपट म्हणतं, जे काय असेल ते, पण घसरड्या सिमेंटवर खेळवून तो कमी होत नाही एवढं मला डॉक्टर नसून कळतं.

आणि साहेब, तुम्ही मागच्या वर्षी बक्षीस द्यायला आला होतात. माईक हातात घेऊन म्हणालात, 'माझ्या या लेकींची पुढची फायनल चकाचक नवीन कोर्टवर होईल, हा माझा शब्द आहे.' टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. व्हिडिओ निम्म्या तालुक्याच्या मोबाईलमध्ये आहे, पाहिजे तर पाठवते. नवीन कोर्ट राहू दे, होतं तेही तुम्ही काढून घेतलंत.

सोमवारी मी संकुलात गेले. मांडववाल्यांनी स्टेज उभा करायला लाकडी फ्लोअरमध्ये थेट खिळे मारलेत, फ्री थ्रो लाइनच्या आसपास तर रांगच लावलीय. थ्री पॉइंट लाइनवर कुंकू सांडलेलं, ते लाकडाच्या फटीत बसलंय, पुसून जात नाही. एका रिंगला सुतळी बांधून फ्लेक्स लटकवलेला, तो अजून तसाच होता, आणि तुमचा हसरा चेहरा बरोबर रिंगमागच्या बोर्डच्या चौकोनात आलेला. मी बऱ्याच वेळ बघत उभी राहिले. नेम धरायला सोपं पडेल असं पण मनात आलं, खोटं कशाला बोलू.

हां, एक राहिलंच. मेळाव्याच्या सकाळी तुमच्या माणसाचा फोन होता. तुमच्या खेळाडू मुली युनिफॉर्म घालून गेटवर दोन रांगा करून उभ्या करता येतील का, साहेबांच्या स्वागताला, फोटो छान येतो. ज्यांना हॉलबाहेर काढलं त्यांनीच हॉलच्या दारात फुलं टाकायची! माझ्या तोंडून मालवणी आजीची एक शिवी गेली, ती इथे लिहीत नाही, आपण मंत्री आहात.

आता तुम्ही म्हणाल बाई फार बोलते. बोलणारच. ही स्पर्धा भरवायला वर्गणीचं पुस्तक घेऊन बाजारपेठेत दुकानोदुकानी मी फिरलेय. गणपतीला न मागता पावती फाडणारा माणूस मुलींची बास्केटबॉल म्हटलं की गल्ल्यावरून उठून आत जातो. 'वैनी, पुढच्या महिन्यात बघू.' पतसंस्थेत नोकरी करते, तिथूनच माझ्या नावावर कर्ज काढलं ट्रॉफ्या आणि पंचांच्या मानधनासाठी, ते माझ्या पगारातून कापलं जातंय. मुलींच्या मुक्कामाला आमचं घर, अंगणात गाद्या, सासूबाई या वयात पहाटे उठून घावणे घालत होत्या. नवरा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही मला ऐकू येतं. मुंबईहून भाऊ फोन करून म्हणतो तुला कोणी सांगितलंय हे सगळं. माझी स्वतःची कंबर कॉलेजात याच सिमेंटवर खेळून गेलेली आहे, थंडीत अजून ठणकते. शुगर वाढलीय. रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की तो आवाज येतो. याची नुकसानभरपाई कुठल्या योजनेत बसते ते कळवा, फॉर्म भरते, आधार लिंक आहे.

युरोपातल्या बायकांच्या क्लबांची बास्केटबॉल मी मोबाईलवर बघते. युरोलीग विमेन म्हणून स्पर्धा आहे. २०२२ ची फायनल शोप्रोन नावाच्या क्लबने जिंकली. शोप्रोन म्हणजे हंगेरीतलं एक गाव हो, लोकसंख्या साठ-बासष्ट हजार. आपली रत्नागिरी २०११ च्या जनगणनेत छहत्तर हजारांच्या वर होती! त्या एवढ्याशा गावाच्या मुलींनी इस्तंबूलमध्ये जाऊन तिथल्याच फेनरबाहचे क्लबला ६०-५५ ने हरवलं. २०२४ ला शेवटच्या चार टीमचा टप्पा मर्सिनला झाला, तेही तुर्कीत, समुद्रकाठचं बंदर, खारा वारा तिथेही आहे, पण खेळ आत, लाकडी फ्लोअरवर, हजारो लोकांसमोर. त्याच्या पुढच्या वर्षी सहा टीमचा शेवटचा टप्पा स्पेनमध्ये सारागोसाला. कुठे कधी खेळायचं ते आधी ठरतं आणि तिथेच खेळतात. आदल्या संध्याकाळी फोन येत नाही की सॉरी, हळदीकुंकू आहे.

मला माहितीये, लगेच म्हणतील युरोपशी काय बरोबरी करता. बरं, नको. आपल्या देशाचंच घ्या. २०१७ ला बेंगळुरूमध्ये आपल्या मुलींनी आशिया कपच्या ब गटाची फायनल कझाकस्तानला दोन पॉइंटनी हरवून जिंकली, त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती. तेव्हा सगळ्यांनी लेकी लेकी करून पोस्ट टाकल्या. पुण्याची मुलगी तिथे पोचली कारण तिला वर्षभर खेळायला कोर्ट होतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर कोसळतो, चार महिने बाहेरच्या कोर्टवर शेवाळ. उरलेल्या महिन्यांत परीक्षा, गणपती, शिमगा, आणि तुमचे मेळावे. छप्पर असलेला एक हॉल आहे तालुक्यात, तर त्यात लग्न, प्रदर्शन, शपथा, सत्कार सगळं होतं. खेळ सोडून.

क्रिकेटला मात्र काही कमी नाही हं. ओव्हरआर्म, अंडरआर्म, अमक्या साहेबांचा चषक, तमक्या दादांचा चषक, पहिलं बक्षीस लाखात, मॅन ऑफ द सिरीजला बाईक, रात्रभर लाइट, यूट्यूबवर लाइव्ह, कॉमेंट्रीत दर ओव्हरला तुमचं नाव. माझा क्रिकेटवर राग नाही, माझा मुलगाही खेळतो. पण मागच्या वर्षी आमच्या विजेत्या टीमला तुमच्या हस्ते काय दिलं आठवतंय का? स्टीलचे डबे. बारा मुलींना बारा डबे. त्यातला एक आमच्या घरी आहे, कोकम ठेवलेत त्यात.

आणि खेळून पुढे काय, तर सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे असं तुम्ही भाषणात सांगता. असेल ना. त्याच आरक्षणात बोगस सर्टिफिकेटं लावून लोक नोकरीला लागले हे पेपरातच आलं होतं. खऱ्या खेळणारीने मात्र पडताळणीसाठी कागद घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात जायचं, आज साहेब मीटिंगला आहेत, उद्या या. राज्याचं २०२५-२६ चं बजेट म्हणे सात लाख कोटींचं होतं. त्यात एक लाकडी फ्लोअर बसत नाही? ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून शाळेत शिकलो, आता नव्याने मोजला तर तो आणखी वाढला म्हणे, किनारा वाढतोय पण त्याच्यावर मुलींना धड खेळता येईल असा हॉल शोधून दाखवा. मुंबई-गोवा हायवे २०११ पासून होतोय, पहिली-दुसरीतल्या मुलींची लग्नं व्हायची वेळ आली तरी तो होतोच आहे. पेशंटला घेऊन घाट उतरताना खड्ड्यात गाडी आपटली की ती पोरगी ओठ चावायची आणि मी तुमचा शब्द आठवायचे. पोरं मुंबईला जातात म्हणून तुम्ही रडता. इथे ठेवलंय काय तुम्ही त्यांच्यासाठी? चिऱ्याच्या कोनशिला. आमच्या संकुलात तीन आहेत, तिन्हींवर वेगवेगळ्या साहेबांची नावं आणि कोर्ट एकच.

असो. मागणं फार नाही. त्या मुलीच्या ऑपरेशनचा खर्च द्या, आणि फोटो न काढता द्या, तिच्या आईने मला तेवढंच सांगितलंय. फ्लोअरचे खिळे काढून तो घासून पॉलिश करून द्या, ज्याने मांडव घातला त्याच्याकडून वसूल करा नाहीतर स्वतःच्या खिशातून करा, आम्हाला फरक पडत नाही. आणि बुक केलेला हॉल कार्यक्रमासाठी काढून घ्यायचा नाही असं लेखी द्या. लेखी. माईकवर नको.

फायनल थांबलेलीच आहे. तिसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं आणि चौथा अख्खा बाकी, दोन्ही कॅप्टननी स्कोअरशीटवर सह्या केल्यात की पुढचं आतल्या कोर्टवरच खेळू. समोरच्या टीमने ट्रॉफी घ्यायला नाही म्हटलं, आम्हीही नाही म्हटलं. ती आता माझ्या कपाटावर आहे, साड्यांच्या पिशवीशेजारी.

आपली,
क्लबची सेक्रेटरी, स्कोअरर, वर्गणीदार आणि आचारी

ता. क. हॉलचं डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही. विचारलं तर सांगतात की फ्लोअरचं नुकसान झालंय, त्यातून कापून घेणार.